कूलर लावलाय तर खिडकी उघडी कशाला ठेवायची? (आणि माठ, पंखा, तर्री वगैरे)

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्याहून बदली होऊन नागपूरला आलेत, मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने फ्लॅट घेतलाय, मोठा लोखंडी कूलर आणला. पहिल्या दिवशी थंडगार, पण दारं-खिडक्या लावून झोपले तर दोन तासात खोली चिकचिक, उशी दमट, जीव घुसमटला. शेजारचे काका म्हणतात खिडकी उघडी ठेवा. यांना ते पटत नाही, पैसे देऊन थंड केलेली हवा बाहेर का घालवायची? आणि नववीतलं पोरगं मागे लागलंय की हे सगळं फिजिक्समधून समजावून सांगा. शिवाय रात्री ९ ला छत का तापलेलं असतं, पंखा गरम हवा का फेकतो हेही विचारलंय.

मी कूलर-एसीच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, त्याआधी काही वर्षं पोरांना हाच विषय शिकवला, तर जरा ऐसपैस लिहितो. काका बरोबर आहेत. आणि काहून बरोबर आहेत हे एकदा डोक्यात बसलं ना, तर नागपूरच्या उन्हाळ्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात, कारण सगळीकडे एकच भानगड चालू असते, पाणी वाळणं.

पाण्याची वाफ व्हायला ते उकळलंच पाहिजे असं काही नाही. ओल्या फरशीवरचं, अंगावरचं, कूलरच्या बाजूंच्या जाळ्यांत भरलेल्या गवतावरचं पाणी साध्या तापमानालाही उडत असतं. उडताना आधी सगळ्यात जोरात पळणारे रेणू निसटतात, मागे राहतात ते संथ, म्हणजे मागे राहिलेलं पाणी गार. हिशोब असा की १ लिटर पाणी १ डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात, पण तेच १ लिटर वाळवायला २४०० च्या वर लागतात. हा फरक नीट बघा, जवळपास पावणेसहाशे पट आहे! ही उष्णता कुठून तरी यावी लागते, ती आजूबाजूच्या हवेतून, माठातल्या पाण्यातून नाहीतर तुमच्या कातडीतून ओढली जाते. कूलरमधे दुसरं काहीही नाही, कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. एक पंखा, एक छोटा पंप आणि ओलं गवत.

आता हवा किती थंड होईल याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा कूलरच्या किमतीवर ठरत नाही, हवेच्या कोरडेपणावर ठरते. मे महिन्यातली आपली दुपार घ्या, ४४ डिग्री आणि आर्द्रता १२ टक्के. अशा हवेत ओलं फडकं धरून वारा घातला तर फडकं उतरत उतरत २२ डिग्रीच्या आसपास जाऊन थांबतं. याला वेट बल्ब तापमान म्हणतात आणि ही कूलरची लक्ष्मणरेषा, याच्या खाली कुठलाच कूलर हवा नेऊ शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. चांगलं गवत आणि बरोबर पाणी असेल तर ४४ आणि २२ मधलं पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के अंतर कापलं जातं, म्हणजे समोर बसल्यावर तोंडावर येणारी हवा २६-२७ डिग्रीची. बाहेर ४४ आणि आत २७, तेही पंखा-पंप मिळून दोनेकशे वॅटमधे. मला विचाराल तर विदर्भासाठी याच्याइतकं अक्कलहुशारीचं यंत्र दुसरं नाही, लोक उगाच नाक मुरडतात.

आता जुलै घ्या. ३२ डिग्री, आर्द्रता ८० टक्के. वेट बल्ब २९. म्हणजे कूलरने जीव तोडला तरी हवा दोन-अडीच डिग्रीच उतरणार आणि वरून आणखी ओली होऊन अंगावर येणार. दरवर्षी जूनच्या शेवटी मला फोन सुरू होतात, "भाऊ, कूलर थंड करून नाही राहिला, मोटर पाहून जा ना". मोटर ठणठणीत असते, हवा बदललेली असते. काही मेकॅनिक याच दिवसात मोटर नाहीतर पंप बदलून बिल हातात ठेवतात, सांभाळून राहा. मुंबईत कूलर का चालत नाही याचंही उत्तर हेच, तिथे मे महिन्यातसुद्धा जुलैसारखीच हवा असते.

पोराला हे करून दाखवायचं असेल तर लॅबमधे मिळतो तसा साधा काचेचा थर्मामीटर घ्या, त्याच्या फुग्यावर सुती कापडाची पट्टी गुंडाळा, पाण्यात बुडवून पंख्यासमोर धरा. आकडा खाली खाली येऊन एका जागी थांबेल. तो आकडा आणि कोरड्या थर्मामीटरचा आकडा वहीत रोज लिहायचा, नवतप्यात (मे अखेरीचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) एकदा आणि पहिला पाऊस पडल्यावर एकदा तर नक्कीच. कूलर आज चालणार का नाही हे पोरगं दुपारी १२ लाच सांगेल. मात्र थर्मामीटर सावलीत पाहिजे हां. उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. कारच्या डॅशबोर्डवर ५० दिसलं की लोक फोटो टाकतात ते म्हणूनच. २०२४ च्या मे अखेरीला तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ डिग्री दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती, नंतर हवामान खात्याने सेन्सरमधे बिघाड होता म्हणून सांगितलं.

आता खिडकी. तुमचा कूलर मोठा आहे, म्हणजे तासाला ३००० घनमीटर हवा धरू. १२ बाय १२ ची खोली, १० फूट उंची, एकूण ४१ घनमीटर. भागाकार करा, मिनिटभराच्या आत अख्ख्या खोलीची हवा बदलून जाते. कूलर हा हवा साठवून थंड करायचा प्रकारच नाही, एका बाजूने सतत नवी हवा आत, दुसऱ्या बाजूने जुनी बाहेर, मधे तुम्ही. एसीचं डोकं लावून कूलरकडे पाहिलं की गडबड होते, एसी तीच हवा फिरवतो आणि तिच्यातलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो. कूलर पाणी काढत नाही, घालतो. किती घालतो? वरच्याच आकड्यांनी हिशोब केला तर तासाला सुमारे २२ लिटर! हे पाणी टाकीतून गेलं म्हणजे हवेत आलं. खिडकी लावलीत तर ते जाणार कुठे, उशीत, गादीत, कपाटातल्या कपड्यात आणि तुमच्या अंगावर. शिवाय हवेला बाहेर जायला वाट नसली की पंख्याला समोरून दाब येतो, आवाज तेवढाच राहतो पण हवा कमी फेकली जाते.

म्हणून कूलरच्या बरोबर समोरची खिडकी उघडा, शेजारची नको, नाहीतर हवा तिथल्या तिथे वळून पळते आणि तुमच्या पलंगापर्यंत पोचतच नाही. किती उघडायची? चार-पाच चौरस फूट मोकळी जागा लागते, म्हणजे साधारण मोठ्या खिडकीचं एक पल्लं. त्या खिडकीचा पडदा बाहेरच्या बाजूला हलका फुगलेला दिसला की समजायचं बरोबर जमलंय. आणि कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवला असेल तर तो आधी खिडकीबाहेर स्टँडवर न्या, आतला कूलर स्वतःच ओली केलेली हवा परत परत ओढत बसतो आणि ओल्या हवेत पाणी वाळत नाही.

एक हिशोब अजून, कारण लोक इथे फसतात. तासाला २२ लिटर पाणी वाळवणं म्हणजे १५ किलोवॅट थंडावा, एसीचा थंडावा मोजतात त्या टनात सांगायचं तर चार टनाच्या वर. मग कूलर दीड टनाच्या एसीपेक्षा भारी का? नाही बाप्पा. यातला बराचसा थंडावा बाहेरच्या ४४ च्या हवेला २७ वर आणण्यातच खर्ची पडतो. खोलीच्या वाट्याला येतं ते २७ ची हवा आत येऊन ३२ ची होऊन बाहेर जाते तेवढंच, म्हणजे साडेचार किलोवॅट. तरीही वाईट नाही.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी पण हाच हिशोब. १० किलो बर्फ वितळताना ३३४० किलोज्यूल ओढतो. तेवढंच काम करायला कूलरला पाणी वाळवावं लागतं १.४ लिटर, जे तो चार मिनिटात वाळवतो. म्हणजे बर्फाची लादी आणून टाकली, पैसे घातले आणि मिळालं काय तर चार मिनिटांचं काम. दुपारी ३ वाजता, कूलर अर्धा-एक तास चाललेला असताना, प्लग काढून टाकीच्या पाण्यात हात घालून बघा, सावलीतली टाकी असेल तर पाणी आधीच गार असतं, २२-२३ डिग्रीचं, बर्फ न टाकता. फिरता फिरता ते स्वतःच वेट बल्बपर्यंत उतरलेलं असतं.

पाणी वाळतं पण त्यातले क्षार वाळत नाहीत, ते मागेच राहतात. बोअरिंगच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरले आणि दिवसाला २०० लिटर पाणी उडालं तर रोज १०० ग्रॅम पांढरा थर तुमच्या गवतावर आणि टाकीत. महिन्याचे ३ किलो. गवताच्या काड्या पांढऱ्या कडक झाल्या की पाणी त्यांच्यात जिरत नाही, नुसतं वरून घरंगळतं आणि त्याच जागेतून कोरडी गरम हवा सरळ आत येते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, नुसती वरून भरत राहायचं नाही. नळाचं पाणी मिळत असेल तर तेच वापरा. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर सुगंध येतो, थंडावा जास्त मिळतो वगैरे म्हणतात, मला तरी आकड्यात फार फरक दिसलेला नाही, पण नाकाला बरं वाटतं तेही काही कमी नाही.

पंखा. पंखा हवा थंड करत नाही, उलट त्याची मोटर ६०-७० वॅट उष्णता खोलीत सोडते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवून जाणं म्हणजे खोली किंचित तापवून ठेवणं. पंख्याखाली गार वाटतं ते कातडीजवळचा दमट थर उडून जातो आणि घाम पटकन वाळतो म्हणून. आपली कातडी साधारण ३५ डिग्रीची असते. हवा त्याच्या खाली असेपर्यंत वारा दोन्ही कामं करतो, उष्णता नेतो आणि घाम वाळवतो. हवा ४४ ची झाली की पहिलं काम उलटं होतं, वारा उष्णता आणून देतो, फक्त घाम वाळण्यावर भागवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हाच आहे की ४० च्या वर नुसत्या पंख्यावर राहू नका. अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखाली बसलात तर मात्र गोष्ट वेगळी, मग तुम्हीच कूलरचं गवत.

दुपारी गाडीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळतात ते निव्वळ ऊन लागू नये म्हणून नाही. ताशी ४० ने जाताना ४४ ची हवा उघड्या कातडीवर आदळते, घाम आल्या आल्याच वाळतो आणि वरून कातडी तापते. दुपट्टा ती गरम हवा थेट लागू देत नाही आणि आत थोडा दमटपणा धरून ठेवतो. पुण्याहून आलेल्यांना सुरुवातीला ते सगळे दरोडेखोर वाटतात, एक मे महिना काढला की तेही बांधतात. आणि इथे घाम दिसत नाही म्हणून येत नाही असं समजू नका, येतो आणि जागच्या जागी उडून जातो. म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. पन्ह्यात पाणी, मीठ, साखर तिन्ही असतं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. खिशातल्या कांद्याला फिजिक्समधे काहीच आधार सापडत नाही, पण माझी आई पोरांच्या खिशात टाकायचीच, आणि जेवताना कामाला यायचा.

माठाबद्दल फार सांगत नाही, तो बिनमोटरचा कूलरच आहे. १० लिटर पाणी १० डिग्रीने उतरवायला जेमतेम पावणेदोनशे मिली पाणी वाळावं लागतं. म्हणून माठ सावलीत पण वाऱ्यावर ठेवा, फ्रीजच्या मागे कोंदट कोपऱ्यात नाही. जुना माठ थंड करत नाही कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात, आणि बाहेरून ऑइल पेंटने फुलं काढलेला माठ तर शोभेचाच, घाम यायला त्याला जागाच नाही.

याचीच उलटी बाजू बघायची तर सकाळी तर्री पोहे (वरून तिखट रस्सा ओतलेले पोहे) खायला जा. चहाच्या कपातून वाफा निघताना दिसतात, आपण सावध होऊन फुंकतो. तर्रीवर तेलाचा तवंग असतो, तेल पाण्याला वाळू देत नाही, त्यामुळे वाफ दिसत नाही आणि वाळून जी उष्णता निघून जायची ती आतच राहते. वरून शांत, लालभडक, आणि खाली रस्सा चटका बसेल इतका गरम. बाहेरगावचा पाहुणा पहिला चमचा तोंडात टाकतो आणि टाळू भाजून घेतो, मग म्हणतो तिखट आहे. तिखट असतेच, पण निम्मं काम तवंगाचं असतं. सावजीच्या रश्श्याचंही तेच. पोहे मिसळून ढवळलं की तवंग फुटतो आणि मग कुठे वाफा दिसायला लागतात. चहा बशीत ओतून पितात त्यात नेमकं याच्या उलट, पृष्ठभाग वाढवला, वाळणं वाढलं, दोन मिनिटात पिण्याजोगा.

छताचं आता. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे तुमच्या डोक्यावर थेट गच्ची. दुपारी दीड-दोनच्या सुमाराला गच्चीचा वरचा भाग सगळ्यात जास्त तापतो, पण काँक्रीटमधून उष्णता सावकाश सरकते, १२ सेंटीमीटरच्या स्लॅबमधून खाली यायला तीन-चार तास आणि वर कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला थर) असेल तर अजून जास्त. म्हणजे सूर्य मावळून गेला तरी दुपारचं ऊन तुमच्या छतातून रात्री खोलीत उतरत राहतं, आणि पंखा छताजवळची तीच हवा खाली ढकलतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना नाहीतर उष्णता परत फेकणारा पांढरा रंग, ऊन आत शिरलंच नाही तर काढायचा प्रश्न नाही. घरमालकाला विचारून घ्या, बहुतेक नाही म्हणत नाहीत. दुसरं, संध्याकाळी पाणी मारणं. एक चौरस मीटर स्लॅब १० डिग्रीने उतरवायला साधारण १ लिटर पाणी वाळलं पाहिजे. लक्षात घ्या, वाळलं पाहिजे, वाहून गेलेलं पाणी फार कामाचं नाही. म्हणून एकदम पाइप लावून धो धो करण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा शिंपडा. पहिली दहा-पंधरा मिनिटं खाली आणखी उबट, दमट वाटतं, घाबरू नका.

एसी आणि कूलर एकाच खोलीत एकत्र लावू नका. कूलर २४०० किलोज्यूलच्या भावाने पाणी हवेत घालणार आणि एसी त्याच भावाने ते परत काढणार, दोघांचं भांडण आणि बिल तुमचं. पावसाळा लागला की कूलरचा पंप बंद करा, टाकी कोरडी करा (डासांसाठी तर कराच) आणि नुसता पंखा म्हणून चालवा.

शेवटचं, पण हे वाचल्याशिवाय कूलरला हात लावू नका. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरताना. कोरड्या कातडीचा विरोध दहा हजार ओहमच्या पुढे असतो, ओल्या हाताने आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की तो हजारापर्यंत खाली येतो. २३० व्होल्ट भागिले १०००, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास करंट. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एवढ्याशा करंटने हलणारसुद्धा नाही, तो वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. हृदयाला मात्र याच्या कितीतरी कमी पुरतो. म्हणून मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, तीन पिनचाच प्लग आणि अर्थिंगची वायर कूलरच्या पत्र्याला खरोखर जोडलेली आहे का ते स्क्रू उघडून बघा, पुष्कळदा रंगावरच वॉशर कसलेला असतो आणि रंग करंट नेत नाही, तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करून मग कसा. पंपाची वायर उन्हाळाभर पाण्यात राहून कडक होते, तिला चीर दिसली तर टेप गुंडाळत बसू नका, पंपच बदला. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, चुकीच्या वायरिंगमधे बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज (शॉक देणारी वायर) आत जिवंत राहतो. प्लग ओढून बाहेर काढायचा आणि मगच पाइप लावायचा, पायात रबरी चप्पल घालून, आणि पोराला हे काम सांगायचं नाही.